रामगढच्या पुढचा डांबरी रस्ता: सपाटीवर माणूस इतका का थकतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पन्हाळगड ते पावनखिंड तुम्ही भर पावसात दोन दिवसांत आरामात करता. जोतिबाला रात्री चालत जाऊन सकाळी कामावर हजर असता. मग फेब्रुवारीच्या शेवटी राजस्थानात जैसलमेरहून सीमेजवळच्या तनोटला पायी निघाल्यावर तिसऱ्या दिवशी, रामगढच्या पुढच्या सपाट डांबरी रस्त्यावर, दुपारी दोनलाच सगळं का संपलं? ३८ किलोमीटर ठरवले होते, २२ वर बसलात. डोकं ठणकत होतं, मळमळत होतं, दोन्ही तळव्यांना फोड आले होते, उजव्या गुडघ्याची बाहेरची बाजू धरली होती. एका टेम्पोवाल्याने पुढे नेऊन सोडलं. आता पुन्हा जायचंय आणि कोल्हापुरात राहून तयारी कशी करायची, हे विचारलंय.

आधी एक सांगतो. टेम्पोत बसलात हे उत्तम केलंत. मळमळ आणि डोकेदुखी असताना त्या रस्त्यावर आणखी १६ किलोमीटर रेटणारी माणसं दवाखान्यात पोचतात. आणि तुमची ताकद अजिबात कमी पडलेली नाही. तुम्ही डोंगराच्या हिशोबाने सपाटी चाललात, एवढंच झालंय. सह्याद्रीत वाढलेल्या बहुतेक चालणाऱ्यांचं पहिल्यांदा असंच होतं.

पन्हाळ्यावरून उतरून मसाई पठार, पुढे करपेवाडी, पांढरपाणी, असं जाताना एकही पाऊल मागच्यासारखं पडत नाही. चढाला मांडीचा पुढचा भाग काम करतो, उताराला गुडघे, चिखलात घोट्याचे स्नायू, आणि पठारावर सगळ्यांनाच थोडी विश्रांती. रामगढच्या रस्त्यावर किलोमीटरला साधारण तेराशे पावलं पडतात आणि ती सगळी एकसारखी. २२ किलोमीटरला अठ्ठावीस-एकोणतीस हजार पावलं, म्हणजे प्रत्येक तळव्याच्या त्याच जागेवर चौदा हजारांहून जास्त वेळा तोच भार, तोच स्नायू, त्याच कोनात. अवघड वाट दम काढते, पण दम पाच मिनिटांत परत येतो. सपाट रस्ता एकाच जागेला झिजवत राहतो, आणि ती झीज बसून भरून येत नाही.

गुडघ्याचंही कारण रस्त्यातच आहे. तुम्ही समोरून येणारी गाडी दिसावी म्हणून उजव्या कडेने चाललात. ते बरोबरच आहे, बदलू नका. पण पाणी वाहून जावं म्हणून डांबरी रस्ता मध्ये उंच आणि कडांना उतरता बांधलेला असतो, मीटरला साधारण दोन-अडीच सेंटीमीटर. म्हणजे दिवसभर तुमचा उजवा पाय डाव्यापेक्षा जरा खालच्या पातळीवर पडत होता आणि दोन्ही घोटे अंश-दीड अंशाने कलंडलेले होते. तासभर चाललं तर कळतसुद्धा नाही. तीन दिवस चाललं की उताराकडच्या पायाच्या कमरेपासून गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूपर्यंत जाणारा पट्टा ओढला जातो आणि नेमका तुम्हाला दुखला तिथेच दुखतो. रस्ता दोन्हीकडे लांबवर मोकळा दिसत असेल तेव्हा दर तासाला दहा-पंधरा मिनिटं मधोमध चाला, तिथे उतार नसतो. गाडीचा ठिपका दिसला की परत उजवीकडे. या वेळात कानात इअरफोन नको. वारा समोरून असेल तर मागून येणाऱ्या गाडीचा आवाज उशिरा कळतो, म्हणून मागे वळून बघत राहायचं. कडेला घट्ट मुरूम असेल तर त्यावरून चालायला हरकत नाही, उलट तळव्याला बरं वाटतं. मात्र मऊ वाळूत उतरू नका. वाळूत चालायला कठीण जमिनीपेक्षा दुपटीहून जास्त ऊर्जा लागते. ‘डांबर टोचतंय म्हणून जरा वाळूतून’ हा विचार दुपारी हमखास येतो आणि तो महागात पडतो.

आता पाण्याकडे येतो, कारण मला तुमच्या प्रश्नातला सगळ्यात काळजीचा भाग तोच वाटला. तुम्ही लिहिलंय की दुपारपर्यंत पाच लिटर पाणी प्यालो, तरी डोकं दुखलं. आणि पोटात फक्त बिस्किटं होती.

कोल्हापुरात घाम आला की कळतो. शर्ट अंगाला चिकटतो, कपाळावरून ओघळतो. थर वाळवंटाच्या कोरड्या हवेत घाम आल्या आल्या उडून जातो. अंग कोरडं राहतं आणि माणूस समजतो की आपल्याला घामच येत नाहीये. खरं बघायचं असेल तर दुपारी शर्टाच्या पाठीवर आणि टोपीच्या कडेला बघा, मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटलेल्या असतात. ते तुमच्या अंगातून गेलेलं मीठ. पाणी तुम्ही भरत होता, मीठ भरत नव्हता. नुसतं पाणी ढोसत राहिलं आणि मीठ गेलं नाही, की रक्तातलं सोडियम पातळ होतं. डोकं दुखतं, मळमळतं, बोटं सुजून अंगठी घट्ट होते, वारंवार आणि पाण्यासारखी स्वच्छ लघवी होते. पाणी कमी पडलं तरीही डोकं दुखतं आणि मळमळतं, पण तेव्हा लघवी गडद पिवळी आणि थोडी होते, तोंड कोरडं पडतं. इथे बसून मी निदान करणार नाही, पण या दोन्हीत फरक करायला शिका, कारण उपाय उलटे आहेत. पाणी कमी पडलेल्याने ओआरएस घोट घोट प्यायचं. पाणी जास्त झालेल्याने साधं पाणी थांबवायचं आणि खारट काहीतरी खायचं. दोघांनीही चालणं थांबवून सावलीत बसायचं. सोबतचा माणूस असंबद्ध बोलायला लागला, झोकांड्या खायला लागला किंवा अंग भट्टीसारखं तापलं, तर मात्र घरगुती उपाय करत बसू नका. कपडे ओले करा, वारा घाला, १०८ ला फोन लावा आणि फोन लागत नसेल तर मिळेल ती गाडी थांबवून दवाखाना गाठा.

त्या हवेत, त्या वेगाने, तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी बहुतेकांना पुरतं. त्यातलं निम्मं ओआरएसचं असावं. एक पुडा एक लिटर पाण्यातच घालायचा. अर्ध्या लिटरच्या बाटलीत ‘स्ट्राँग’ करून पिऊ नका, त्याने उलट त्रास होतो. पुडा संपला तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. साखर चवीसाठी नसते. मीठ आणि साखर जोडीने असली की आतडं पाणी झपाट्याने आत घेतं. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच मीठ-साखरेच्या पाण्यावर असंख्य माणसं जगवली. दहा-वीस रुपयांच्या पुड्यामागे एवढं मोठं काम आहे, म्हणून मी तो कधी किरकोळ समजत नाही.

खाण्याचं म्हणाल तर बिस्किटांवर चालू नका. आपल्याकडचं भडंग घ्या, जयसिंगपूरचं असेल तर उत्तमच. हलकं, खारट, शेंगदाणे भरपूर. सोबत गुळाचे खडे. दर तासाला एक मूठ, भूक असो वा नसो. उन्हात भूक मरते, म्हणून भुकेची वाट बघायची नाही. वाटेत ढाब्यावर ताक मिळालं तर मीठ घालून घ्या, त्यासारखं दुसरं काही नाही.

त्या भागात पाणी कुठून घ्यायचं, हेही सांगून ठेवतो. जैसलमेरला वर्षाचा पाऊस दोनशे मिलिमीटरच्या आत. गगनबावड्याला पावसाने जोर धरला की तेवढा एका-दोन दिवसांत पडतो. जमिनीत खोलवरचं पाणी बऱ्याच ठिकाणी खारं आहे. पण काही जागी वाळूखाली जिप्समचा थर आहे, त्यावर पावसाचं गोडं पाणी ओलीच्या रूपात अडकून राहतं आणि लोक अरुंद बेरी, म्हणजे छोटी विहीर, खणून ते मिळवतात. रामगढच्या बाजूला अशा बेऱ्या आहेत. तळाशी थेंब थेंब झिरपलेलं पाणी साठायला तासन् तास लागतात. ढाणीवर, म्हणजे तिथल्या छोट्या वस्तीवर, गेलात तर लोक पाणी नाही म्हणणार नाहीत, पाहुण्याला आधी पाणीच पुढे करतात. म्हणूनच आपण मागताना भान ठेवायचं. बाटली भरून घ्या, तिथे पाय धुऊ नका, तोंडावर पाणी मारून घेऊ नका, जनावरांच्या पाण्याला हात लावू नका. इंदिरा गांधी कालव्याचं पाणी दिसलं तरी न गाळता, न उकळता पिऊ नका, आणि कालव्याच्या उतरत्या काठावरून पाणी घ्यायला एकट्याने उतरू तर अजिबात नका. काठ निसरडे असतात, घसरलेल्या माणसाला धरायला काही मिळत नाही.

आणखी एक थकवा असतो. त्याचा पायाशी संबंध नाही, तो डोळ्यांतून येतो. उभ्या माणसाच्या नजरेला सपाटीवर क्षितिज साधारण साडेचार किलोमीटरवर असतं. म्हणजे रस्त्याच्या शेवटी जो बिंदू दिसतो तिथे पोचायला तुम्हाला जवळजवळ एक तास लागणार. मोबाइलचा टॉवर किंवा पाण्याची टाकी उंच असल्याने त्याहून कितीतरी लांबून दिसते. सकाळी नऊला दिसलेला टॉवर दुपारी बारालाही तेवढाच दिसतो, त्यात दुपारी तापलेल्या डांबरावर मृगजळ हलायला लागलं की अंतराचा अंदाजच जातो. डोंगरात दर पंधरा मिनिटांनी वळण येतं, ओढा येतो, गाव दिसतं आणि मनाला कळतं की आपण पुढे सरकतोय. तिथे कळत नाही. ‘टॉवरपर्यंत जाऊ आणि बसू’ असं ठरवलंत की संपलात.

यावरचा उपाय आपल्या वारकऱ्यांनी कधीच शोधून ठेवलाय. आळंदी ते पंढरपूर अडीचशेच्या आसपास किलोमीटर, तेही बराचसा डांबरी रस्ता, आणि चालणाऱ्यांत साठी-सत्तरीच्या आज्या. त्यांना विचारा आज किती किलोमीटर चालायचंय, बऱ्याच जणींना सांगता येत नाही. पण पहिला विसावा कुठे, दुपारचं जेवण कुठे, दुसरा विसावा कुठे आणि मुक्काम कुठे, हे अचूक माहीत असतं. माउलींच्या पालखीची मोठी चाल पुणे ते सासवड, दिवेघाट चढून. आणि म्हणूनच सासवडला दोन मुक्काम. मोठ्या चालीनंतर थांबायचं, हे तिथे परंपरेनेच ठरलंय, दरवर्षी कुणाला नव्याने ठरवावं लागत नाही. तुम्ही दोन दिवस तीस-तीस किलोमीटर करून तिसऱ्या दिवशी ३८ लावलेत. सगळ्यात मोठी चाल सगळ्यात थकलेल्या दिवशी आली.

वाळवंटात विसावा अंतरावर न ठरवता घड्याळावर आणि सावलीवर ठरवा. जैसलमेर आपल्या पश्चिमेला असल्याने घड्याळ तेच असलं तरी सूर्य उशिरा चालतो. फेब्रुवारीअखेर तिथे सात वाजून गेल्यावर उजाडतं, सूर्य डोक्यावर येतो तो एकच्या सुमारास, आणि हवा सगळ्यात तापते त्यानंतर, तीनच्या आसपास. कोल्हापूरच्या सवयीने ‘बारा वाजले, ऊन उतरेल आता’ म्हणून चालत राहिलात तर ऐन तापात सापडता. मी असं लावतो: झुंजुमुंजू झालं की निघायचं. नऊपर्यंत न्याहारीचा विसावा, तोवर दहाएक किलोमीटर होतात. मग साडेअकरापर्यंत आणखी आठ-नऊ. तिथून साडेतीनपर्यंत चालायचंच नाही. खायचं, आडवं व्हायचं, जमली तर झोप काढायची. साडेतीनला उठून अंधार पडायच्या आत मुक्काम. तीसच्या जवळपास चाल होते आणि दुसऱ्या दिवशी पाय परत उभे राहतात. मधले चार तास वाया गेले असं सुरुवातीला वाटतं. तुमच्या त्या दिवसात मात्र साडेअकरा ते दोन या अडीच तासांनीच पुढचा सगळा दिवस खाल्ला.

सावलीला खेजडी शोधा. खेजडी म्हणजे आपली शमी, दसऱ्याला जिची पूजा होते तीच. पानं बारीक, सावली चाळणीसारखी, पण खाली वारा खेळता राहतो. बसण्याआधी काठीने जमीन झाडून काटे काढा. झाड नसेल तिथे बस थांब्याची शेड. रस्त्याखालच्या मोरीत शिरण्याआधी आत नीट बघा, थंडाव्याला सापही येतात. आणि छत्री न्याच. पावसात आपण नेतो तीच, वर पांढरं फडकं शिवलेलं. सकाळच्या टप्प्यात ती मोठं काम करते. दुपारनंतर वारा सुटला की मिटावी लागते. जैसलमेरहून तनोट वायव्येला आहे, त्यामुळे दुपारपर्यंत ऊन पाठीवर आणि मानेवर, संध्याकाळी डाव्या गालावर आणि कानावर बसतं. उपरणं तसं बांधा, टोपीच्या पुढच्या झापेने तिथे काही होत नाही.

पायांचं बघू. विसाव्याला टेकलं की आधी पाण्याला हात नाही, आधी बूट काढायचे. मोजे काढून उलटे करा आणि जोरात झटका, बारीक वाळू उडताना दिसेल. तीच कातडी घासत असते. कोरड्या फडक्याने बोटांच्या बेचक्या पुसा. मग तळवा उजेडाकडे धरून अंगठ्याने चाचपत जा: टाच, टाचेची कड, बोटांच्या मागचा गादीसारखा भाग, करंगळीची बाहेरची बाजू. जिथे बोट लागल्यावर इतर जागेपेक्षा गरम लागतं आणि कातडी गुलाबी दिसते, तिथे तासाभरात फोड येणार. आत्ताच तिथे मेडिकलमधली कागदी चिकटपट्टी लावा, कोपरे कात्रीने गोल कापून, म्हणजे मोज्यात गुंतून उचलली जात नाही. पट्टीला सुरकुती राहता कामा नये, सुरकुतीच नवा फोड आणते. ओले मोजे सॅकला बाहेरून अडकवा, सुके घाला. त्या हवेत ओला मोजा दोन तासांत वाळतो, ही एक गोष्ट वाळवंट आपल्या बाजूने करतं. फोड आलाच आणि चालताना दाबला जात असेल तर स्पिरिटने पुसलेल्या सुईने कडेला भोक पाडून पाणी काढा, वरची कातडी सोलू नका, जंतुनाशक मलम आणि पट्टी लावा. मधुमेह असेल तर हे स्वतः करू नका.

बूट नेहमीपेक्षा अर्धा ते एक नंबर मोठा घ्या, कारण दुपारी पाय सुजतो. डोंगरातले जाड, उंच, वॉटरप्रूफ बूट तिथे नकोत, पाय आतल्या आत शिजतो. धावण्याचे जाड तळाचे बूट बरे. आपली कोल्हापुरी चप्पल मला प्रिय आहे, पण त्या रस्त्यासाठी तिचा तळ फार कडक पडतो. मुक्कामाला हलकी रबरी चप्पल पुरे.

आता कोल्हापुरातून तयारी. वडणगे, निगवे, कुशिरे करत जोतिबा, ही चाल दम वाढवायला चांगली, पण तुम्हाला हवी ती सवय ती देत नाही. तुम्हाला सपाट डांबर, ऊन आणि एकसारखेपणा हवा. सुरुवातीला कोल्हापूर ते नृसिंहवाडी करा. सपाट आहे, पण ऊस आणि झाडी असल्याने सोपं जातं. त्यानंतर एसटीने कवठेमहांकाळ किंवा जत गाठा आणि तिथल्या उघड्या रस्त्यांवर सलग दोन दिवस, पूर्ण वजन घेऊन, पंचवीस-पंचवीस किलोमीटर चाला. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा आणि तळवे काय म्हणतात, ती खरी परीक्षा. अंगाला उन्हाची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. निघण्याआधीच्या पंधरवड्यात रोज दुपारी तासभर उन्हात चाला, अर्थात पाणी-मीठ सांभाळून. सवय झालेल्या माणसाला घाम लवकर सुटतो आणि त्यातून मीठ कमी जातं. ही सवय आठ-पंधरा दिवस सोडली की उतरते, म्हणून जानेवारीत सराव करून मार्चमध्ये गेलात तर उपयोग नाही.

जायचं कधी? डिसेंबर-जानेवारी. तेव्हा जैसलमेरला दिवसाचं तापमान पंचविशीच्या आत-बाहेर असतं, रात्री आठ-दहापर्यंत उतरतं, म्हणून गरम कपडे न्या. मार्चनंतर हा विचारच करू नका. जैसलमेरच्या पूर्वेला फलोदीत १९ मे २०१६ ला ५१ अंश तापमान नोंदलं गेलंय.

या वेळी रामगढला पोचल्यावर एक पूर्ण दिवस थांबा. तिथून तनोट पंचावन्न-साठ किलोमीटर, ते तीन दिवसांत वाटून घ्या, घंटियाळी माता मंदिर शेवटच्या दिवशी सकाळी येईल असं बसवा. सीमेचा भाग आहे. ओळखपत्र वरच्या खिशात ठेवा, आपला बेत आणि मुक्काम रामगढच्या पोलीस ठाण्यात सांगून ठेवा, विचारल्याशिवाय रस्ता सोडून आत जाऊ नका आणि लष्करी वाहनांचे फोटो काढू नका. पुढे मोबाइलवर भरवसा धरू नये. सहा लिटर पाण्याची सोय सॅकमध्ये हवी, परावर्तक पट्ट्यांचं जाकीट हवं, आणि शक्यतो दोघं जा. गुडघा अजून दुखत असेल तर आधी फिजिओथेरपिस्टला दाखवा, जिना उतरताना दुखायचं थांबेपर्यंत जतचा सराव सुरू करू नका.